न आलेल्या लसीच्या पगारावर

निवृत्तीला काही महिने उरले की एक फॉर्म येतो. रुजू झाल्याची तारीख, किती विद्यार्थ्यांची पीएचडी झाली, किती पेपर छापून आले, किती ग्रँट मिळाल्या. एवढ्या रकान्यांपर्यंत माझं पेन भरभर चाललं. मग एक रकाना आला : ‘संशोधनातून प्रत्यक्ष वापरात आलेले उत्पादन’. खाली लिहायला तीन ओळींची जागा. मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि लिहिलं, ‘नाही’. उरलेल्या अडीच ओळी तशाच पांढऱ्या.

मी एचआयव्हीच्या लसीवर काम केलं. लस आली नाही. मी मात्र असिस्टंट प्रोफेसर झाले, असोसिएट झाले, प्रोफेसर झाले, शेवटी विभागप्रमुखही झाले. कधीच न बांधल्या गेलेल्या पुलाचा मुख्य अभियंता म्हणून कोणी निवृत्त होत असेल, तर त्याच्याशी माझं चांगलं जमेल.

सुरुवात वॉर्डातली. १९९६च्या सुमाराला तीन औषधं एकत्र देण्याचे उपचार आले आणि जिथे ते मिळाले तिथे मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. मी म्हणतेय ती त्याआधीची दोन-तीन वर्षं. एमडीची विद्यार्थिनी होते. सकाळच्या फेरीत तीच चित्रं दिसायची. तोंडात पांढरा थर, कोरडा खोकला, चार पावलं चाललं की लागणारी धाप. केसपेपरवर सीडी४ पेशींचा, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा, आकडा असायचा. निरोगी माणसात तो पाचशेच्या वर असतो, आमच्याकडे वीस, अकरा, चार. एका खाटेवर गणिताचे शिक्षक होते. एकदा सलाईन लावताना त्यांनी विचारलं, “डॉक्टर, देवीची लस निघाली, गोवराची निघाली. याची कधी निघणार?” मी म्हणाले, “येईल चार-पाच वर्षांत.” ते म्हणाले, “चार धरू की पाच?” मी पाच म्हणाले. पाच आठवड्यांनी ती खाट दुसऱ्या पेशंटला मिळाली.

मी थाप मारली नव्हती. २३ एप्रिल १९८४ रोजी अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं होतं की चाचणीसाठी लस साधारण दोन वर्षांत तयार होईल अशी आशा आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्राँस्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा केला, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्या मानाने माझी मुदत सावधच म्हणायची. पण ‘पाच’ हा आकडा डोक्यातून गेला नाही. एमडीनंतर दवाखाना थाटायचं सोडून मी इम्युनॉलॉजीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्या, प्रयोगशाळेत गेले, त्याला बरीच कारणं होती. त्यातली काही अगदी व्यवहारी होती. हा आकडा त्या कारणांपैकी एक.

दोन वर्षांचा अंदाज इतका का चुकला, हे मी पुढे दरवर्षी पहिल्या तासाला शिकवत आले. लस बनवणारा माणूस खरं तर नकलाकार असतो. देवीतून किंवा गोवरातून वाचलेल्या माणसाला तो रोग पुन्हा होत नाही. शरीराला जिंकायचं कसं हे ठाऊक असतं, आपण फक्त मूळ दुखणं वगळून तोच धडा आधी शिकवून ठेवतो. एचआयव्हीच्या बाबतीत नक्कल करायला समोर कोणी नाही. करोडो लोकांना संसर्ग झाला, पण आपल्याच प्रतिकारशक्तीच्या बळावर तो पार झटकून टाकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. म्हणजे निसर्गाला जे जमलं नाही ते शरीराला शिकवायचं, आणि तेही शिकवणाऱ्याला स्वतःला येत नसताना.

त्यात हा विषाणू शिरतो तो नेमका सीडी४ टी-पेशींमध्ये. बाकीच्या प्रतिकारपेशींना हुकूम सोडणाऱ्या त्या याच. कुंपणानेच शेत खायचं म्हणतात, ते इथे शब्दशः घडतं. संसर्गानंतर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या या पेशींचा मोठा साठा संपतो. तोवर काही पेशींच्या डीएनएत विषाणूने आपली जनुकं शिवूनही टाकलेली असतात. तिथे तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. फ्लूची लस आजार सौम्य केला तरी कामाची ठरते, कारण उरलेला विषाणू शरीर नंतर निस्तरतं. इथे नंतर असं काही नसतंच. दार पहिल्या काही दिवसांत अडवायला हवं.

दार अडवायचं ते प्रतिपिंडांनी, म्हणजे अँटीबॉडींनी. विषाणूच्या अंगावर पेशीला चिकटण्यासाठी काटे असतात. एचआयव्हीवर ते सरासरी चौदाएक, फ्लूच्या विषाणूवर शेकडो. या मोजक्या काट्यांवर साखरेच्या रेणूंचं दाट पांघरूण असतं. जीपी१२० या बाहेरच्या प्रथिनाच्या वजनात जवळपास निम्मी साखरच. ती साखर विषाणूची नसते. आपल्याच पेशींच्या यंत्रणेने ती चढवलेली असते, त्यामुळे प्रतिपिंडांना ती घरचीच वाटते. आणि तरीही शरीराने नेमका प्रतिपिंड तयार केलाच, तर तोवर विषाणू बदललेला असतो. उपचार नसलेल्या माणसाच्या अंगात रोज सुमारे हजार कोटी नवे विषाणू जन्मतात, आणि त्याच्या जनुकांची नक्कल करणारं विकर चुका करण्यात पटाईत. आजच्या रक्तातले प्रतिपिंड काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला मस्तपैकी अडवतात, आजच्याला नाही. वरातीमागून घोडं. हा प्रयोग मी स्वतःच्या हाताने पहिल्यांदा केला तेव्हा प्लेटवरचे आकडे पाहून मला हसू आलं होतं, रडू नाही. तरुण होते.

२००३च्या फेब्रुवारीत व्हॅक्सजेन कंपनीच्या जीपी१२० लसीचा निकाल आला. सुमारे ५,४०० स्वयंसेवक, परिणाम शून्य. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवून माणसाळलेल्या विषाणूंना या लसीचे प्रतिपिंड अडवत होते. पेशंटच्या अंगातल्या रानटी विषाणूंना नाही. तेव्हा मी पोस्टडॉक, म्हणजे पदवीनंतर उमेदवारी करणारी संशोधक, होते आणि आमच्या गटाला, सांगायला लाज वाटते, थोडा आनंदच झाला. आम्ही टी-पेशीवाले होतो. प्रतिपिंडांचा नाद सोडा, संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या सीडी८ टी-पेशी जागवा, हे आमचं म्हणणं. काही माणसं औषधांशिवाय विषाणूला दाबून ठेवतात आणि त्यांच्यात एचएलए-बी५७ सारखे जनुकप्रकार जास्त आढळतात, हा आमच्या हातातला हुकमाचा एक्का.

टी-पेशी मोजायच्या त्या एलिस्पॉटने. ९६ खड्ड्यांची प्लेट, आणि विषाणूचा तुकडा ओळखणारी प्रत्येक पेशी खड्ड्याच्या तळाशी एक निळसर ठिपका सोडते. सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत बसून मी हजारो ठिपके मोजलेत. मशीन मोजायचंच, पण माझा मशीनवर भरवसा नव्हता. मर्क कंपनीची लस आली ती या ठिपक्यांच्या जोरावर. एडिनोव्हायरस ५ या सर्दीच्या विषाणूतून एचआयव्हीची जनुकं शरीरात पोचवायची. ठिपके एवढे सुंदर उमटत होते की संमेलनांत आम्ही ते पडद्यावर दाखवताना आवाज चढवायचो.

२००७च्या सप्टेंबरमध्ये या लसीची ‘स्टेप’ चाचणी थांबवली. ३,००० स्वयंसेवक. लसीने संसर्ग टाळला नाही, एवढं असतं तर गिळलं असतं. पण ज्या पुरुषांच्या रक्तात एडिनोव्हायरस ५ विरुद्ध प्रतिपिंड आधीच होते आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती, त्यांच्यात लस घेतलेल्यांना संसर्ग जास्त झाला होता. जास्त! माझा त्या चाचणीशी थेट संबंध नव्हता, माझं नाव तिच्या कुठल्याही कागदावर नाही. तरी ती बातमी वाचून मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. औषध निष्फळ ठरणं वेगळं. धडधाकट माणसाने दुसऱ्यांसाठी म्हणून दंड पुढे करावा आणि त्याची जोखीम आपण वाढवावी, हे वेगळं.

त्याच काळात माझी कायम नेमणुकीची फाइल समितीपुढे होती. फाइलमध्ये काय होतं? ठिपके. लस बनवणाऱ्यांना ज्या ठिपक्यांनी चकवलं, त्याच ठिपक्यांवरचे माझे सगळे पेपर. नेमणूक झाली. ‘पद्धतीतील मौलिक योगदान’ असं पत्रात होतं. ते खोटंही नव्हतं. मोजमाप आम्ही चोख केलं होतं. फक्त जे मोजत होतो त्याचा संरक्षणाशी संबंध नव्हता. विद्यापीठ मोजमापाला गुण देतं, आणि तसं ते देत नसतं तर या क्षेत्रात कोणी टिकलंच नसतं, हेही खरं. पण त्या पत्राची चौकट करून भिंतीवर लावायचं धाडस मला झालं नाही.

मग २००९. थायलंडमधली आरव्ही १४४ चाचणी. १६,४०२ स्वयंसेवक, रायोंग आणि चोनबुरी प्रांतातले. दोन लसी एकापाठोपाठ, आणि त्यांतली एक तर व्हॅक्सजेनच्याच घराण्यातली. ही चाचणी करूच नये असं २००४ साली २२ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये पत्र लिहून सांगितलं होतं. मला कोणी विचारलं असतं तर मीही सही केली असती. निकाल : प्लासिबो, म्हणजे खोटी लस दिलेल्या, गटात ७४ जणांना संसर्ग, लस गटात ५१. संरक्षण ३१.२ टक्के. बाजारात आणायला अपुरं, पण दुर्लक्ष करायला फार. २३ माणसांचा फरक. सोळा हजारांत तेवीस. त्या तेवीसांवर पुढची दहा वर्षं कित्येक प्रयोगशाळा जगल्या, त्यांत माझीही एक. काट्यावरच्या व्ही१व्ही२ नावाच्या भागाला चिकटणारे प्रतिपिंड ज्यांच्यात जास्त, त्यांना धोका कमी, असा धागा २०१२मध्ये सापडला, आणि आम्ही टी-पेशीवाले मुकाट्याने प्रतिपिंड शिकायला बसलो. चाळिशीत नवं तंत्र शिकताना आपलीच पीएचडीची विद्यार्थिनी आपली चूक दाखवते. हा अनुभव प्रत्येक प्राध्यापकाने एकदा घ्यावा.

त्याच लसीचं सुधारित रूप दक्षिण आफ्रिकेत ५,४०७ जणांवर तपासलं. २०२०च्या फेब्रुवारीत तेही थांबवलं. लस गटात १२९ संसर्ग, प्लासिबो गटात १२३. तेवीसांचा हिशेब मिटला.

पुढच्याच महिन्यात जग बंद झालं, आणि वर्ष संपायच्या आत कोविडची लस दंडात टोचली जात होती. तेव्हापासून आजतागायत मला भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो, त्यांना वर्षात जमलं, तुम्हाला चाळीस वर्षांत का नाही? पहिल्यांदा मी चिडायचे. आता उत्तर पाठ झालंय. कोविडमधून बहुतेक माणसं आपली आपण बरी होतात. तिथे नकलाकाराला नक्कल करायला मूळ होतं. शिवाय त्या घाईत जे कामाला आलं त्यातलं बरंच आमच्या फसलेल्या दुकानातलं. एचआयव्हीसाठी घडवलेलं एडिनोव्हायरस २६चं वाहन जॉन्सन अँड जॉन्सनच्या कोविड लसीत धावलं. एचआयव्ही लसींच्या चाचण्यांसाठी उभी केलेली केंद्रं आणि तिथली अनुभवी माणसं कोविडच्या चाचण्यांकडे वळवली गेली. तेच वाहन एचआयव्हीसाठी जोडून पाहिलं, तर २०२१मध्ये आफ्रिकेतल्या तरुण स्त्रियांत आणि २०२३मध्ये ‘मोझायको’ चाचणीत, दोन्हीकडे ते अडकलं. शेजाऱ्याच्या लग्नात आपली भांडी वाजतात, तसं झालं. वाजली हे बरंच झालं.

आणि एक कबुली. २०२४ साली लेनाकापाविर या एचआयव्हीचा संसर्ग रोखणाऱ्या औषधाचा निकाल आला. वर्षातून दोनदा इंजेक्शन, आणि त्या गटातल्या २,१३४ मुली-बायकांत संसर्ग शून्य. एकही नाही. मी त्या दिवशी प्रयोगशाळेत सगळ्यांना गोळा करून तो आकडा फळ्यावर लिहिला. टाळ्या झाल्या. एक पोरगा मागून म्हणाला, “मॅडम, मग आपण काय करायचं?” मी त्याला रीतसर उत्तर दिलं : औषध दर सहा महिन्यांनी जन्मभर पोचवावं लागेल, परवडावं लागेल, ज्याला आपल्याला धोका आहे हेच माहीत नाही त्याच्यापर्यंत जावं लागेल, लस ही निराळी गोष्ट. सगळं खरं. पण पोटात एक क्षण जे हललं ते काही वेगळंच होतं, आणि ते फारसं उदात्त नव्हतं. गणिताच्या सरांना ‘लस’ हा शब्द नको होता, त्यांना जगायचं होतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच वर्गातल्या कोणीतरी सोडवलं होतं.

तो पोरगा पुढे कॅन्सर इम्युनॉलॉजीकडे गेला. अडवलं नाही. २०२५मध्ये एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने एचआयव्ही लस संशोधनाच्या दोन मोठ्या गटांचं अनुदान पुढे न चालवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याचा फोन आला. काय बोलावं ते त्याला सुचेना, मलाही.

आता जे चाललंय त्याचं नाव जर्मलाइन टार्गेटिंग. काही रुग्णांच्या शरीरात, संसर्गानंतर दोन-तीन वर्षांनी, असे प्रतिपिंड तयार होतात की जे जगभरच्या बहुतेक एचआयव्ही प्रकारांना अडवतात. २०१०मध्ये सापडलेला व्हीआरसी०१ त्यांतला प्रसिद्ध. प्रयोगशाळेत नव्वद टक्के प्रकारांना तो भारी पडतो. पण तो जन्मतः तसा नसतो. विषाणूच्या पाठलागात त्याच्या जनुकाचा जवळपास तिसरा हिस्सा बदललेला असतो. मग लसीने हाच प्रवास टप्प्याटप्प्याने घडवायचा : आधी अशी क्षमता असलेली, प्रतिपिंड बनवणारी मूळ बी-पेशी हुडकून जागी करायची, मग निराळ्या लसी देत तिला वळण लावत न्यायचं. अशा पेशी बी-पेशींमध्ये काही लाखांत एक. विल्यम शीफ यांच्या गटाने त्यांच्यासाठी एक कण खास रचला आणि पहिल्या टप्प्याच्या चाचणीत ३६ जणांना दिला. ३५ जणांत त्या पेशी जाग्या झाल्या. २०२२च्या अखेरीस तो पेपर आला आणि मी तो दोनदा वाचला. हे संरक्षण नव्हे. वर्गात हजेरी लागली, इतकंच. पण ज्या वर्गात आजवर कोणी आलंच नव्हतं त्या वर्गात.

हे सगळं आठवायचं कारण फ्रीझर. निवृत्त होताना द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्या दुसऱ्याच्या ताब्यात द्याव्या लागतात, आणि त्याआधी कुठली कुपी ठेवायची, कुठली टाकायची हे ठरवावं लागतं. माझ्याकडे एका छोट्या, पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे नमुने होते. ती लस कधीच पुढे गेली नाही. लस घेतलेल्यांच्या कुप्या बहुतेक वापरून संपल्या. प्लासिबो गटाच्या मात्र सगळ्या तशाच. ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं त्यांच्या पेशींत बघायचं काय? मी त्या खोक्यांवर ‘टाकणे’ अशी चिठ्ठी लावली.

या माणसांचा विषय निघाला की मला थोडं अवघडायला होतं. पेपरच्या शेवटी आम्ही त्यांचे एका ओळीत आभार मानतो. लस घेतलेल्यांतल्या काहींच्या रक्तात लसीमुळे असे प्रतिपिंड येतात की साध्या एलायझा चाचणीत ते एचआयव्ही पॉझिटिव्ह दिसतात. संसर्ग नसतोच, पण कागद तसं म्हणतो. रक्तदान, विमा, नोकरीची तपासणी, प्रत्येक वेळी त्यांनी समजावत बसायचं. आमच्या एका स्वयंसेविकेचं पत्र मी कित्येक वर्षं वर्षातून एकदा सही करून देत असे : ‘यांना एचआयव्हीचा संसर्ग नाही.’ लस मेली, आणि ते पत्र मात्र दर वर्षी नवं.

खोक्यांवरची चिठ्ठी बघून शेजारच्या प्रयोगशाळेतली नवीन पोस्टडॉक धावत आली. “मॅडम, हे टाकताय? मला हेच हवंय.” तिला पाहायचं होतं की ज्यांनी कधी कुठली एचआयव्ही लस घेतली नाही, अशा माणसांत त्या काही लाखांत एक असलेल्या पेशी नेमक्या किती असतात आणि माणसागणिक किती बदलतात. त्याला लागतात निरोगी माणसाच्या, नीट गोठवलेल्या, भरपूर पेशी. म्हणजे आमचा प्लासिबो.

मी चिठ्ठी काढली. पण संमतिपत्रं पाहिल्याशिवाय देता येत नाही. त्यात शेवटून दुसऱ्या पानावर एक चौकोन असतो : ‘माझे नमुने भविष्यातील अन्य संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.’ कोणी खूण केलेली असते, कोणी नाही. दोन दिवस आम्ही दोघी बसलो. ती संमतिपत्राचा क्रमांक वाचायची, मी टाकीतून रॅक वर काढून कुपी शोधायची. बाहेर वाफ सांडायची, हातमोज्यातूनही बोटं बधिर व्हायची. बहुतेकांनी खूण केली होती. या कुप्या तिच्या खोक्यात.

एकवीस क्रमांकाच्या स्वयंसेवकाने चौकोन कोरा ठेवला होता. त्याच्या कुप्या सर्वांत छान गोठवलेल्या, प्रत्येकीत दोन कोटी पेशी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कुप्या उचलून पिवळ्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाले, “पुढचा नंबर सांग.”